दर तिसऱ्या घाण्याला फ्रूट प्रेस अडतो, रसच येत नाही: मोठा प्रेस घ्यायच्या आधी हे बघा

आधी प्रॉब्लेम सांगतो, कारण जांभळाच्या दिवसांत हाच प्रश्न मला चार जणांनी तरी विचारलाय, चौघांना मी चार वेगळी उत्तरं दिलीत आणि त्यातली तीन चूक होती. हाताने फिरवायचा फ्रूट प्रेस आहे, म्हणजे लाकडी पट्ट्यांची गोल टोपली, मधे स्क्रू, वरून दट्ट्या, खाली परात आणि तोटी. पहिला घाणा मस्त जातो, धार लागते. दुसरा जरा जड जातो. तिसऱ्याला रस थांबतोच, हँडल दगडासारखं होतं, आणि तरी जोर लावला की पट्ट्यांच्या फटीतून लगदा पिचकारीसारखा उडतो, भिंत जांभळी, बनियन जांभळं. वैतागून चोथा बाहेर काढावा तर तो मधे अजून ओलाच.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. जून संपता संपता चोइथराम मंडीतून पन्नासेक किलो जांभळं आणतो आणि वर्षभराचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालतो, घरचा आणि नातेवाइकांचा. सिरकाच, वाईन नाही हं. मध्य प्रदेशात लायसन्स नसताना घरी वाईन केली तर अबकारी कायद्यात अडकाल, आणि बडोद्याच्या आत्याकडे तर दारूबंदीच, तिथे हा विषय काढलेलासुद्धा चालत नाही. वाईनचा संबंध एवढाच की प्रेस घ्यायचं डोक्यात घातलं कॅलिफोर्नियातल्या मावसभावाने. तिकडे एका सज्ञान माणसाला घरच्यापुरती वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त सज्ञान माणसं असलेल्या घराला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर वाईन करायची केंद्राच्या कायद्याने मुभा आहे, तो दर सप्टेंबरला द्राक्षं आणतो आणि असल्याच प्रेसमधून काढतो. त्याचा व्हिडिओ बघितला, एका हाताने फिरवतोय आणि रस वाहतोय, म्हटलं घ्या.

इथेच पहिली गोची होती आणि ती कळायला मला दोन सीझन लागले. तो रेड वाईन करतो. रेडमधे द्राक्षं फक्त चेचायची, सालासकट आठवडाभर आंबवायची आणि मग दाबायची. तोवर साल मऊ पडून पेशी फुटलेल्या असतात आणि बराचसा रस न दाबताच सुटून आलेला असतो. व्हाईटला ताजी द्राक्षं दाबावी लागतात, ते काम कितीतरी चिवट असतं. आता इंटरनेटवर प्रेसचे जे कौतुकाचे रिव्ह्यू आहेत त्यातले बरेच या आंबवलेल्या रेडवाल्यांचे असतात, आणि आपण ते वाचून ताजी जांभळं, ताजे पेरू घेऊन बसतो. रिव्ह्यू वाचताना एवढंच बघा की तो माणूस काय दाबतोय, ताजं फळ की मुरलेलं, अर्धा निकाल तिथेच लागतो.

असो, तर पहिल्या वर्षी प्रेस अडला तेव्हा मी लोहारपट्टीत गेलो. तिथला मिस्त्री म्हणाला, "भिया, जोर कम पड़ रहा है, हत्था लंबा कर दो." दीड फुटाचं हँडल तीन फुटांचं करून घेतलं. त्याने झालं काय, तर वरचा आडवा लोखंडी बार वाकला आणि प्रेसचे तीन पाय फरशीवरून उचलले जाऊन अख्खं धूड माझ्याभोवती फिरायला लागलं. (प्रेस मोकळा ठेवू नका, जाड फळीवर नटबोल्टने बसवा आणि त्या फळीवर कोणीतरी उभं राहा. आमच्याकडे ही ड्यूटी पुतण्याची.) रस एक वाटी जास्त आला असेल.

दुसऱ्या वर्षी मी जास्त शहाणा झालो आणि मोठा प्रेस केला. आधीचा २५ सेंटिमीटर व्यासाचा होता, हा ४०चा, सांवेर रोडला फॅब्रिकेशन करून घेतला, स्क्रू त्याच मापाचा. आणि हा मोठा प्रेस छोट्यापेक्षा वाईट निघाला! तेव्हा डोकं धरून बसलो होतो, आता हिशोब सरळ दिसतो. समजा स्क्रूने दोन टन जोर पडतो. २५च्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चार किलो. ४०चा दट्ट्या म्हणजे साडेबाराशे चौरस सेंटिमीटर, तोच जोर पसरून दीड किलोच्या आसपास. म्हणजे हँडल तेवढंच जड आणि फळावरचा दाब निम्म्याहून कमी. पण त्यापेक्षा मोठी चूक दुसरीच होती.

ती चूक आईने काढली. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा छोट्या प्रेसवर आलो होतो, तिसरा घाणा अडला होता, मी घामाघूम, आणि ती ओट्यापाशी चक्का बांधत होती. म्हणाली, "दही टांगतात रे, पिळत नाहीत. पिळलं की पंचातून दहीच बाहेर येतं." आणि मग, "तो पंचा मधे धुतलास का एकदा तरी?"

नव्हता धुतला. तीन वर्षांत एकदाही मधे धुतला नव्हता. सकाळी धुतलेलं मलमलचं फडकं टोपलीत लावायचं आणि सगळे घाणे त्यातच. पहिल्या घाण्यात त्याच्या बारीक छिद्रांत गर बसतो, दुसऱ्यात निम्मी छिद्रं बंद, तिसऱ्याला ते कापड राहतच नाही, रेक्झिन होतं. म्हणून पहिला घाणा कायम चांगला आणि तिसरा कायम वाईट. प्रेस तोच, फळ तेच, हात तेच. तुमच्याकडेही जर पहिला चांगला आणि पुढचे बिघडत जाणारे असा पॅटर्न असेल तर आधी कापड बघा, नट-बोल्ट नंतर. कापडं दोन ठेवा, एक प्रेसमधे असताना दुसरं गार पाण्याच्या धारेखाली उलटं करून धुवायचं. आणि मलमल सोडाच, तिचा धागा फुगतो आणि गर धरून ठेवतो. मी आता पडद्याचं विरविरीत पॉलिएस्टर वापरतो, गुळगुळीत धागा असतो, झटकलं की चोथा सुटतो. नवं कापड असेल तर दोनदा उकळून घ्या, कांजी असते त्यात.

आणि पहिलाच घाणा अडत असेल तर?

तर चोथ्याची वडी बाहेर काढा आणि सुरीने मधोमध कापा. लाजू नका, ही सगळ्यात कामाची टेस्ट आहे. बाहेरून कोरडी आणि पोटात ओली दिसली तर जोराचा प्रश्न नाही, रसाला वाट नाहीये. रसाला मधून निघून पट्ट्यांपर्यंत चालत यायचं असतं. तुम्ही घाईने दाबलं की पट्ट्यांजवळचा थर आधी घट्ट होतो, त्याची भिंत होते आणि मधला रस आत कोंडला जातो, मग जितका जोर लावाल तितकी भिंत पक्की, आणि ती फुटते तेव्हा पिचकारी. २५च्या टोपलीत रसाला जास्तीत जास्त साडेबारा सेंटिमीटर चालायचंय, ४०च्या टोपलीत वीस. माझा मोठा प्रेस इथे खरा मेला. त्यामुळे आता कोणी विचारलं कोणता घेऊ, तर किती टनाचा ते मी बघतच नाही, रसाला किती लांब जावं लागेल ते बघतो. रुंद बुटक्या टोपलीपेक्षा अरुंद उंच बरी, आणि एका मोठ्या घाण्यापेक्षा दोन छोटे.

आता वडी जर सगळीकडे सारखीच ओली आणि बुळबुळीत असेल तर ते पेक्टिन, म्हणजे फळातला जेली धरणारा चिकट पदार्थ. पेरू, सफरचंद यात भरपूर, आणि द्राक्षात ती बेंगलोर ब्लू येते ना, चिमटीत धरली की गर सटकन निसटतो आणि साल हातात राहतं, ती पण याच जातीची चिवट. चेक करायला चमचाभर रसात तीन-चार चमचे मेथिलेटेड स्पिरिट घाला, जेलीसारखे तंतू किंवा गोळे झाले तर पेक्टिन आहे, आणि तो कप लगेच ओतून द्या, विषारी असतं, पोरांच्या हाती लागू देऊ नका. उपाय पेक्टिनेज नावाचं एन्झाइम, फूड केमिकलवाल्यांकडे मिळतं, पाकिटावर लिहिलंय तेवढंच चेचलेल्या फळात मिसळून रात्रभर झाकून ठेवायचं. कोमट असेल तर लवकर काम करतं पण उकळत्या फळात टाकलंत तर एन्झाइम मरतं, पैसे पाण्यात. दुसरा फुकटातला उपाय म्हणजे फळ आदल्या दिवशी फ्रीझरमधे दगड करायचं आणि पूर्ण वितळवून मग दाबायचं, बर्फाने पेशी फुटतात आणि अर्धं काम प्रेसच्या आधीच होतं. आमच्या फ्रीझरमधे सहा किलोच बसतात आणि मग मटार बाहेर, त्यावरून घरात भांडण, तेव्हा हे आपापल्या जबाबदारीवर.

वाट मोकळी ठेवायला तिकडे वाईनवाले भाताचं तूस मिसळतात, शंभर किलोला एक-दोन किलो, चिवट द्राक्षांना तर हमखास. तूस धुऊन उकळून घ्यायचं नाहीतर रसाला गोणपाटाचा वास. जांभळाला त्याची गरज पडत नाही कारण बी आतच असते आणि बियांच्या मधून रस वाट काढतो. म्हणूनच जांभूळ मिक्सरला लावू नका! बी फुटली की तुरटपणा तर उतरतोच, वर ती वाट पण बंद. मी पातेल्यात लाकडी रवीने ठेचतो, गर सुटला की बास. उसाच्या चरखीतून काढू का असं एकाने विचारलं होतं, त्याचं पण हेच उत्तर, रोलर बी फोडतो.

दाबायची पद्धत चक्क्यासारखीच. टोपली भरली की पाच मिनिटं काहीच करायचं नाही, आपोआप जो गळतो तो सगळ्यात चांगला रस, तो वेगळ्या बरणीत. मग पाव फेरा, थांबा. धार बारीक झाली की पुन्हा पाव फेरा. मी मधे चहा पितो, खरंच. एक घाणा चाळीस मिनिटं चालतो. शेवटी दट्ट्या वर घेऊन चोथा हाताने उपसून मोकळा करायचा, कडेचा मधे आणि मधला कडेला, आणि परत दाबायचा, या दुसऱ्या दाबाने निघणारा रस बघून मला पहिल्या वर्षीचा वाया गेलेला माल आठवतो. पंधरा किलो जांभळाला पाच लिटर यायचा तो आता सात येतो, हँडल परत दीड फुटाचं करून. अगदी कोरडं पडेपर्यंत मात्र पिळू नका, शेवटच्या रसात तुरटपणाच जास्त उतरतो.

आता नवीन घ्यायचाच असेल तर.

वीस-तीस किलोपर्यंत फळ आणि तेही द्राक्षं किंवा जांभूळ असेल तर साधा टोपलीवाला पुरे, व्यास २५ ते ३०. रॅचेट घ्या, म्हणजे खटक्यावर मागेपुढे चालणारं हँडल, कारण साध्या आडव्या दांड्याला गोल फिरायला जागा लागते आणि आपल्या गॅलरीत वॉशिंग मशीन मधे येतं. स्क्रूचे आटे चौकोनी हवेत, व्ही आकाराचे म्हणजे साधा बोल्ट लावलाय, तो जास्त घासतो, लवकर झिजतो आणि तुमचा अर्धा जोर घर्षणातच जातो. आट्यांना गाडीचं ग्रीस लावू नका, फूड ग्रेड मिळत नसेल तर थोडं खोबरेल आणि दरवेळी पुसून नवं.

सफरचंद-पेरूवाल्यांनो, तुम्हाला प्रेसच्या आधी किसायचं किंवा दळायचं यंत्र लागणार, अख्ख्या फोडी दाबून काही येत नाही. आणि त्या लगद्याला टोपलीपेक्षा थरांचा प्रेस बरा, कापडात दोन-अडीच इंच जाड थर गुंडाळायचा, वर लाकडी जाळी, परत थर, असे पाच-सहा, आणि वरून गाडीचा बॉटल जॅक. रस प्रत्येक थरातून वरखाली इंचभरच चालतो आणि लगेच जाळीवर येतो, म्हणून हा प्रेस एवढा कामाचा. चांगला वेल्डर हा करून देतो. फक्त जॅकखाली स्टीलची ताटली ठेवा, जॅकचं तेल गळतंच कधी ना कधी. आंब्याला कुठलाच प्रेस नको, चाळणी घ्या. संत्र्यालाही नको, सालीचं तेल उतरून रस कडू होतो.

ब्लॅडर प्रेसचं पण विचारतात. यात मधे रबरी फुगा, नळ जोडला की फुगा फुगतो आणि फळ बाहेरच्या जाळीवर दाबलं जातं, थर पातळ राहतो त्यामुळे कल्पना एक नंबर. पण तो तीन बारपर्यंतच्या (बार म्हणजे दाबाचं माप) पाण्यावर चालायला केलेला असतो. आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने सत्तर किलोमीटर येतं, एक दिवसाआड, आणि नळाला येतं तेव्हा बादलीच कशीबशी भरते. गच्चीवरची टाकी म्हणाल तर दहा मीटर उंचीला एक बार, दुमजली घराची टाकी सात मीटर धरा, पाऊण बार पण नाही. म्हणजे प्रेशर पंप आणि मधे रेग्युलेटर लावावा लागणार. शिवाय ४० लिटरचा घेतलात आणि पंधरा किलोच फळ भरलंत तर फुगा वाट्टेल तसा ताणून फाटतो, तो भरूनच वापरायचा. दोन-चार घरं मिळून घेणार असाल तर विचार करा, एकट्याने नको.

धातूबद्दल एकदाच बोलतो पण नीट ऐका. रस लागेल तिथे साधं लोखंड नको, जांभूळ किंवा डाळिंबातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड मिळून काळं होतं, जुन्या काळी शाई अशीच करायचे. पहिल्या वर्षीचा माझा सिरका काळपट निळा झाला होता तो परातीचा रंग उडाल्यामुळे. जस्ताचा पत्रा तर अजिबात नको, आंबट रसात जस्त उतरतं आणि ते पोटात जायला नको. ॲल्युमिनियमलाही आंबट चालत नाही. स्टील ३०४ ग्रेडचं मागा. दुकानदार चुंबक लावून दाखवेल की बघा चिकटत नाही, ३०४ आहे, पण त्यावर जाऊ नका, स्वस्तातलं २०२ पण चिकटत नाही. ३०४ची केमिकलवाली टेस्ट किट येते, एक थेंब टाकून रंग बघायचा, मोठी ऑर्डर असेल तर दुकानातच टाकून बघा, जो "अरे साहब, भरोसा रखो" म्हणतो तिथे आधी टाका.

लाकूड पॉलिश-व्हार्निश नसलेलं, आणि कडुनिंबाचं नको, रस कडू. वापरायच्या आदल्या रात्री पट्ट्या पाण्यात भिजवा म्हणजे रस पिणार नाहीत, आणि काम झालं की त्याच दिवशी ब्रशने घासून सावलीत वाळवा, उन्हात तडकतात. पावसाळ्यात इंदूरला दोन दिवस ओल्या राहिल्या की बुरशी आलीच, आणि चिलटं तर रस दिसायच्या आधीच हजर असतात.

तो ४०चा प्रेस अजून आहे. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला, द्यायचं मन होईना. मग आईने स्क्रू काढून ठेवला आणि टोपलीत कांदे भरले. चारी बाजूंनी फटी असल्याने हवा खेळती राहते, दिवाळीपर्यंत एकही सडला नाही.